न उघडता सोडलेला खोका

तपासनीसांच्या हातांना सकाळपासून काही काम नव्हतं आणि त्या हातांना ते अजिबात सोसत नव्हतं. विमानतळाच्या मालगोदामात, कस्टमच्या टेबलापाशी, सव्वीस वर्षं या हातांनी परदेशातून आलेले खोके उघडले होते. खोका समोर आला की ते चष्मा कपाळावर सारायचे, खिशातून छोटी सुरी काढायचे आणि म्हणायचे, "उघडा, बघू." त्यावरून अख्खं गोदाम त्यांना पाठीमागे 'उघडाबघू' म्हणायचं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून थोडंसं आवडतही होतं. घरी बायकोने आणलेलं साखरेचं पाकीटसुद्धा काट्यावर ठेवल्याशिवाय ते डब्यात ओतू द्यायचे नाहीत.

आणि आज समोर एकशे चाळीस खोके रचलेले असताना त्यातला एकही उघडायचा नव्हता. तसं परिपत्रकच निघालं होतं.

पाच दिवसांपूर्वी वर डोंगरातल्या खोऱ्यात नदी गावात शिरली होती. देशोदेशींहून मदत येत होती. दोन वर्षांपूर्वी भूकंप झाला तेव्हाही अशीच मदत आली होती, पण तेव्हा प्रत्येक खोका उघडून, याद्या करून, अकरा सह्या घेईपर्यंत इतके दिवस गेले की तंबू गावात पोहोचले तोवर लोकांची नवी घरं बांधून झाली होती. शेवटी त्या घरांच्या उद्घाटनाला तेच तंबू मांडव म्हणून लावले गेले. त्याची पेपरात इतकी शोभा झाली की या वेळी वरच्या लोकांनी एका रात्रीत नियम सैल केले. मदतीचा माल उघडायचा नाही, अडवायचा नाही. कागदावर एक गोल हिरवा शिक्का मारायचा, खोक्याला 'न उघडता सोडला' अशी हिरवी पट्टी लावायची आणि दोन तासांत माल रवाना करायचा. अकरा सह्यांच्या जागी एकच शिक्का. प्रत्येक विमानतळाला तसा एकच शिक्का मिळाला आणि तो वरिष्ठ तपासनीसाने 'स्वतःजवळ, जिवापाड' सांभाळावा, असं परिपत्रकात लिहिलं होतं.

तपासनीसांना आला तो शिक्का क्रमांक पाच. मुठीत मावेल एवढा, स्वतःच्याच पोटात शाई असलेला. घाईगडबडीत त्याच्यावर मजकूर मात्र जुनाच राहिला होता, 'तपासले. सोडले.' न तपासलेल्या मालावर 'तपासले' असं उमटवताना तपासनीस दर वेळी नजर दुसरीकडे वळवायचे. शिक्का त्यांनी पिवळ्या फुलांच्या कापडी पिशवीत ठेवला होता आणि ती पिशवी डब्याच्या थैलीत, आमलेट-पावाच्या शेजारी. ती पिशवी त्यांच्या धाकट्या बहिणीने स्वतःच्या हाताने शिवलेली होती.

खरं दुखणं तिथेच होतं. धाकटी, म्हणजे छोटी, त्या खोऱ्यातल्याच शाळेत मुख्याध्यापिका होती आणि पाच दिवस तिचा फोन बंद होता. शाळेची इमारत उंचावर असल्यामुळे शाबूत आहे आणि तिथे मदतकेंद्र उघडलं आहे, एवढं रेडिओवर कळलं होतं. पण इमारत शाबूत असली म्हणून मुख्याध्यापिका शाबूत असतेच असं नाही. छोटी शाळेत झोपत नव्हती, ती नदीकाठच्या खोलीत राहायची. सकाळी निघताना बायकोने नुसतं बघितलं होतं. तपासनीस म्हणाले होते, "बंदच आहे." मग दोघंही डब्याचं झाकण लागत नाही याबद्दल बोलत राहिली.

साडेअकराच्या सुमाराला मुकादमाच्या माणसांकडून एक खोका कोपऱ्यावर आपटला आणि फुटला. वर लिहिलं होतं 'कपडे'. आतून एक बर्फावर घसरायचा बूट डोकावला आणि त्यामागून गळ्यात बांधायचे सात-आठ टाय लोंबले.

"बघा, बघा!" तपासनीस खुर्चीतून उठलेच. "पुरात बर्फाचे बूट!"

"साहेब, उघडायचं नाही," मुकादम चिकटपट्टी ओढत म्हणाला. बारा वर्षं उघडाबघूंनी त्याचे ट्रक तासन् तास खोळंबवले होते. परिपत्रक त्याने घडी करून वरच्या खिशात ठेवलं होतं आणि दिवसातून दहा वेळा तो त्या खिशावर हात फिरवायचा. "नियम सात. फुटला तर चिकटवायचा. आत बघायचं नाही."

"मी कुठे बघतोय? तोच बाहेर बघतोय."

"मग तुम्ही तोंड फिरवा."

मुकादम माणसं घेऊन ट्रक मागे लावायला गेला. तपासनीस एकटेच त्या खोक्यांपाशी उरले. प्रत्येक खोक्यावर पत्ता एकच होता, खोऱ्यातली शाळा. छोटीची शाळा. ती असेल, तर तिथेच असेल. गारठलेली असेल. आणि हे लोक तिला टाय पाठवणार.

समोरच्या खोक्यावर लिहिलं होतं 'ब्लँकेट, नग २०'. तपासनीसांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चष्मा कधी कपाळावर गेला आणि सुरी कधी हातात आली, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. आत खरोखरच ब्लँकेटं होती. त्यांनी मोजली. वीस. बोटांनी चिमटीत धरून बघितली, जाड होती. कोरडी होती. सगळ्यात वरच्या ब्लँकेटावर त्यांनी तळहात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. मग सव्वीस वर्षांच्या सवयीने थैलीतून शिक्का काढून खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला उमटवला, 'तपासले. सोडले.' चार दिवसांत पहिल्यांदाच तो शिक्का खरं बोलला होता.

तेवढ्यात मुकादमाची शिट्टी ऐकू आली. तपासनीसांनी धडपडत झाकण मिटलं, चिकटपट्टी मारली, वर हिरवी पट्टी लावली आणि ते खुर्चीवर जाऊन असे बसले, जसे काही पहाटेपासून तिथेच बसले आहेत.

सव्वाबाराला त्यांनी डबा उघडला. आमलेट होतं, पाव होता. पिवळ्या फुलांची पिशवी नव्हती.

त्यांनी थैली उलटी केली, झटकली. खिसे चाचपले, टेबलाचे खण ओढले, खुर्चीवरची उशी उचलली. टेबलाखाली वाकून पाहिलं. आणि वाकलेले असतानाच त्यांना आठवलं, झाकण मिटताना शिक्का पिशवीत घातला होता आणि पिशवी ठेवली होती ब्लँकेटांवर. एका क्षणापुरती. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून.

त्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजता पुढचं विमान यायचं होतं, त्यात पाणी शुद्ध करायच्या गोळ्या होत्या. खोऱ्यात लोक गढूळ पाणी पीत होते. त्या गोळ्या सुटायच्या कशावर? तर या एका शिक्क्यावर. जुन्या नियमात अकरा सह्या लागायच्या, पण निदान त्या अकरा माणसांच्या हातांत असायच्या. आता अख्खी मदत एका पिशवीत आली होती आणि पिशवी एका खोक्यात, खोका एकशे चाळिसांत. आणि तो खोका उघडा असं म्हणायचं, तर आपण तो आधीच उघडला होता हे सांगावं लागणार होतं.

त्यांनी आधी सरळ मार्ग धरला. "मुकादम, या खोक्यांची वजनं करून घेऊ."

"का?"

"ट्रकला भार जास्त नको."

"ब्लँकेटांचा भार?" मुकादमाने खिशावर हात ठेवला. "नियम सातमध्ये वजनाचं काही नाही. दोन तास भरत आलेत. सव्वाएकपर्यंत ट्रक सुटला नाही तर पाचच्या आत पुलापाशी पोहोचत नाही. तात्पुरता पूल आहे साहेब, पाचनंतर बंद. मग उद्या."

"उद्या" हा शब्द तपासनीसांना नको होता. पण शिक्काही हवा होता. तेव्हा त्यांना श्वानपथकाची ठमी आठवली.

ठमी ही गोदामातली तपासणीची कुत्री. अमली पदार्थांचा वास आला की ती त्या खोक्यासमोर शांतपणे बसायची आणि ती बसली की खोका उघडायचाच, असा पक्का नियम होता. तो नव्या परिपत्रकानेही काढला नव्हता. पिवळी पिशवी चार दिवस आमलेटाशेजारी राहिली होती आणि ठमीला आमलेटाचं काय वेड आहे, हे सगळ्या गोदामाला माहीत होतं. तपासनीस धावत श्वानपथकाच्या खोलीत गेले.

"हवालदार, जरा ठमीला फिरवून आणता का? खोक्यांवरून."

हवालदार नखं कापत होता. "मदतीच्या मालाला कुत्रं लावायचं नाही म्हणतात ना आता?"

"लावायचं नाही हो. फिरायला न्यायचं. तिला व्यायाम नको?"

"तुम्हाला कधीपासून तिच्या व्यायामाची काळजी?"

"मुकं जनावर आहे," तपासनीस म्हणाले आणि हातातला आमलेटाचा तुकडा त्यांनी ठमीच्या नाकासमोरून एकदा फिरवला. ठमी उठली. ती उठली म्हणून हवालदारालाही उठावं लागलं.

गोदामात परत येता येता मात्र ते एकदम थबकले. ठमी बसली की खोका नुसता उघडायचा नसतो. अधीक्षक मॅडमना बोलवायचं असतं, दोन साक्षीदार लागतात, व्हिडिओ काढतात. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तर त्यांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारून ठेवला होता! पुराव्यावर सही करणारा चोर त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. तो आज सापडणार होता.

"हवालदार," ते कसनुसे म्हणाले, "नको. राहू द्या. दमली असेल ती."

"आत्ता तर निघालोय."

"ठमी, चल, घरी जा. शहाणी ना तू?"

ठमी शहाणी होती, पण कामाच्या वेळी कुणाचं ऐकणारी नव्हती. ती खोक्यांच्या रांगेतून नाक लावत निघाली. तपासनीस तिच्यामागून, प्रत्येक खोक्याला श्वास रोखत आणि प्रत्येक खोका गेला की सोडत. मुकादमाच्या माणसांनी निम्मे खोके आधीच ट्रकमध्ये चढवले होते. उरलेल्यांत ब्लँकेटांचा एकही दिसेना. ब्लँकेटं आधी चढवली होती, मऊ असतात म्हणून तळाला. म्हणजे शिक्का ट्रकमध्ये. तपासनीसांनी घाम पुसला, आणि तेवढ्यात ठमी बसली.

समोर खोका होता 'लहान मुलांचे कपडे'.

पाच मिनिटांत अधीक्षक मॅडम आल्या. त्या कमी बोलायच्या आणि चष्म्याच्या वरून बघायच्या. साक्षीदार म्हणून मुकादम आणि हवालदार उभे राहिले आणि एका कारकुनाने मोबाइल धरला. तपासनीसांनी सुरी चालवली. आतून निघाला एक रेनकोट. चार पायांचा. मग तसेच आणखी पाच, वेगवेगळ्या रंगांचे. मग एक चघळलेलं रबरी हाड, गळ्यातला पट्टा आणि एक गोल गादी, जिच्यावर ठमीने लगेच मान टाकली. कुठल्याशा घरातलं कुत्रं बिचारं गेलं होतं आणि त्या लोकांनी त्याचं कपाट रिकामं करून पूरग्रस्तांना पाठवलं होतं.

"हे लहान मुलांचे कपडे?" मॅडमनी विचारलं.

"त्यांना ते मुलासारखंच असेल," हवालदार गहिवरून म्हणाला.

मॅडमनी एक रेनकोट दोन बोटांत धरला. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "असलं काय काय जातंय वर? तिकडे लोक कुडकुडतायत आणि आपण हे पाठवतोय? परिपत्रक गेलं खड्ड्यात. जबाबदारी माझी. ट्रकमधले खोके खाली घ्या." त्या तपासनीसांकडे वळल्या. "सगळेच्या सगळे उघडा. तुम्ही स्वतः उघडा."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत यापेक्षा गोड हुकूम तपासनीसांनी ऐकला नव्हता. सगळे खोके, कुणाचा आक्षेप नाही, मॅडमची परवानगी. ब्लँकेटांचा तो खोका आपल्याच हाताने उघडायचा, पिशवी हळूच बाहीत सारायची, झाकण आपणच मिटायचं. कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी सुरी घट्ट धरली आणि ट्रकच्या दिशेने दोन पावलं टाकलीसुद्धा.

मग त्यांनी हिशेब केला, कारण हिशेब केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. एकशे चाळीस खोके. एकाला दोन मिनिटं म्हटली तरी जवळजवळ पाच तास. घड्याळात एकला दहा मिनिटं होती. पूल पाचला बंद. वीस ब्लँकेटं उद्या जातील. उद्या म्हणजे आणखी एक रात्र. छोटीला लहानपणापासून थंडी बाधायची, थंडीच्या दिवसांत ती दादाचं पांघरूण ओढून घ्यायची आणि सकाळी नाही म्हणायची.

"नाही, मॅडम," तपासनीस म्हणाले.

मुकादमाने मान वळवली. ठमीनेसुद्धा गादीवरून डोकं उचललं.

"काय नाही?"

"उघडायचे नाहीत. नियम सात. ट्रक सुटला पाहिजे."

"आणि कुत्र्याचे रेनकोट?"

"रेनकोटाच्या खाली ब्लँकेटं आहेत, मॅडम. जाड आहेत. कोरडी आहेत."

"तुम्हाला कसं माहीत?"

तपासनीसांनी ट्रककडे बोट दाखवलं. "वर... वर लिहिलंय ना. 'ब्लँकेट, नग वीस'."

मॅडमनी चष्म्याच्या वरून बघितलं. "खोक्यावर लिहिलेल्यावर तुम्ही विश्वास ठेवता? कधीपासून?"

"आजपासून."

बारा वर्षांत पहिल्यांदाच उघडाबघू आपल्या बाजूने बोलले, हे ऐकून मुकादमाला आधी संशय आला, मग भरून आलं आणि मग ही संधी जाऊ नये म्हणून तो ओरडला, "चढवा रे! चढवा भराभर!" एक वाजून सात मिनिटांनी ट्रक फाटकातून बाहेर पडला. तपासनीस फाटकापाशी उभे राहून त्याच्याकडे बघत होते. त्यात वीस ब्लँकेटं होती, सात-आठ टाय होते आणि त्यांची नोकरी होती.

दुपारी तीनला ते मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. खोका उघडल्याचं, शिक्क्याचं, पिशवीचं, कुत्रीला आमलेट दाखवल्याचंसुद्धा. फक्त छोटीचं सांगितलं नाही. ते सांगितलं तर सवलत मागितल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा घातलं. "चारला गोळ्या येतायत."

"हो."

"नवा शिक्का मागवला तर?"

"पंधरा दिवस, मॅडम. मीच चौकशी केली. शिक्का मागवायच्या अर्जावरही शिक्का लागतो."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. कोपऱ्यात फाइल लावणारा म्हातारा कारकून खाकरला. "बाई, एक बोलू? जुना नियम अजून आहे."

"तो रद्द झाला ना?"

"व्हायचाय. रद्द करायच्या कागदावर अकरा सह्या लागतात. आत्ताशी सात झाल्यात."

मॅडमनी डोळे उघडले. पुढे जे घडलं, ते त्या कचेरीत त्याआधी कधी घडलं नव्हतं आणि पुढेही घडेल असं वाटत नाही. विमानाचे कागद हातात घेऊन तपासनीस स्वतः धावले. पहिली सही मॅडमची. दुसरी शेजारच्या टेबलावर झाली, तिसरी जिन्यात. चौथ्या सहीचे साहेब दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मुकादम त्यांना रिक्षात घालून घेऊन आला, एक गाल सुजलेला आणि तोंडात कापूस. "कुथे थही कलू?" त्यांनी विचारलं आणि मुकादमाच्या पाठीवर कागद ठेवून केली. पाचवी, सहावी, सातवी एकाच टेबलावर झाल्या, कारण ते तिघे रोज तिथेच चहा पीत बसायचे. एरवी त्या तीन सह्यांना चार दिवस लागायचे. आठवी फाटकापाशी झाली. नववी सही तपासनीसांचीच होती, ती त्यांनी धावता धावता केली. दहावी हवालदाराच्या साहेबांची, अकरावी म्हाताऱ्या कारकुनाची. त्याने सही करण्याआधी शर्टाची वरची गुंडी लावली.

अकरा सह्या पंचवीस मिनिटांत. चार वाजता विमान उतरलं आणि पावणेपाचला गोळ्या घेऊन दुसरा ट्रक निघाला. तो पुलाअलीकडे थांबून सकाळी पूल उघडताच पहिला जाणार होता. सगळे एकमेकांकडे जरा चोरट्यासारखे बघत होते. इतकं सोपं असतं हे कुणालाच बाहेर कळायला नको होतं.

"तुमची नोटीस मात्र निघेल," मॅडम जाताना म्हणाल्या. "ते माझ्या हातात नाही."

घरी बायकोने दारातच विचारलं, "काही कळलं?"

"बंदच आहे." मग ते म्हणाले, "ब्लँकेटं गेली. चांगली आहेत. मी हात लावून बघितली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता नोटीस त्यांच्यासमोर टेबलावर होती. मॅडमनी त्यांना आपल्याच खोलीत बसवलं होतं, उत्तर तिथेच लिहायचं म्हणून. प्रश्न तीन. खोका उघडला काय? शासकीय शिक्का गहाळ केला काय? सदर कृत्यामागील हेतू काय? पहिल्या दोन प्रश्नांसमोर त्यांनी 'होय' लिहिलं. तिसऱ्यावर पेन अडलं.

मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "शिक्का क्रमांक पाच? हो, इथलाच. आहेत. थांबा." त्यांनी रिसीव्हर पुढे केला. "खोऱ्यातून. मदतकेंद्रातला सॅटेलाइट फोन आहे."

तपासनीसांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "हॅलो?"

"आपल्या कार्यालयाचा एक शासकीय शिक्का आम्हाला सापडलेला आहे," एक बाई फार करड्या आवाजात म्हणाली. "पिवळ्या फुलांच्या पिशवीत."

तपासनीसांनी रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट दाबला.

"दादा," आवाज एकदम खाली आला, "हा फोन फक्त सरकारी कामाला देतात. पाच दिवस हात जोडतेय, दिला नाही. शिक्का सापडलाय म्हटल्यावर लगेच दिला. जवान शेजारी घड्याळ लावून उभाय. सरकारी बोल."

तपासनीसांनी घसा साफ केला, दोनदा. "सदर... सदर शाळेच्या मुख्याध्यापिका सुखरूप आहेत का?"

"आहेत. उजवा पाय मुरगळलाय. लंगडतायत."

"त्यांनी... त्यांनी वेळेवर जेवावं, असं या कार्यालयाचं म्हणणं आहे."

"कार्यालयाच्या पत्नींना कळवावं की जेवतायत." तिचा आवाज जरा हलला. मग पुन्हा करडा झाला. "शिक्का लगेच परत करता येणार नाही. डॉक्टरांनी तपासलेला माणूस कोण आणि राहिलेला कोण, इथे कळत नव्हतं. चारशे माणसं आहेत. काल संध्याकाळपासून ज्याला तपासलं त्याच्या मनगटावर आम्ही तुमचा शिक्का मारतोय. 'तपासले. सोडले.' डॉक्टर खूश आहेत. लोकांना वाटतं, सरकारने खास पाठवला."

"मारा," तपासनीस म्हणाले. "खुशाल मारा."

"आणि एक चौकशी करायची होती. खोक्यावर लिहिलंय 'न उघडता सोडला'. आणि झाकणाच्या आत 'तपासले'. हे कसं?"

तपासनीसांनी मॅडमकडे पाहिलं. जुन्या फोनमधून सगळं खोलीभर ऐकू येत होतं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"उघडलास ना?" छोटी म्हणाली.

"हो."

"मोजलीस?"

"वीस."

"एकोणीसच आहेत."

तपासनीस ताडकन उभे राहिले. "शक्यच नाही! मी स्वतः मोजली. एकेक करून. मध्ये कुणी खोका फोडला असेल, बघ, चिकटपट्टी बघ आधी..."

"दादा, दादा," पलीकडे ती हसत होती की रडत होती ते कळेना, "विसावं मी पांघरून बसलेय."

मग जवानाचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

तपासनीस हळूच खाली बसले. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मॅडमनी नोटीस स्वतःकडे ओढली, तिसरा प्रश्न वाचला, चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे बघितलं आणि कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"लिहा की. अडलं कुठे?"

तपासनीसांनी चष्मा कपाळावर सारला, बाहीने डोळे पुसले आणि हेतूच्या रकान्यात लिहिलं, 'ब्लँकेट, नग वीस. बरोबर भरले.'